माझ्या रक्ताचा कागद

नवऱ्याला मी तोंडावर 'अहो' म्हणते. लग्नाला नऊ वर्षं झाली, जिभेला वळण पडलंय. शिवाय चिखलीच्या बाजारात चार लोकांसमोर नवऱ्याला 'अरे' म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी ती बातमी माझ्या आधी माझ्या शाळेत पोचलेली असेल. पण इथे लिहिताना मी त्याला अरे-तुरेच करणार आहे. एवढी सूट मी स्वतःला देते.

तर तो स्वच्छतेच्या बाबतीत फार कडक. मला बघायला आला तेव्हा त्याने स्वतःची ओळख अशीच करून दिली होती आणि माझ्या आईला ती ऐकून केवढं बरं वाटलं होतं. बियाणं आणि फवारणीची औषधं विकणाऱ्या एका कंपनीत तो आहे. महिन्यातले दहा-बारा दिवस अकोला, जालना, वाशीम असा फिरतो, कृषी केंद्रवाल्यांना भेटतो, लॉजवर उतरतो. टपरीवरचा चहा पिणार नाही. लग्नाच्या पंगतीत पाण्याला हात लावणार नाही, स्वतःची बाटली सोबत. एसटीच्या दांड्याला हात लागला की खिशातून दुसरी छोटी बाटली काढून तळवे चोळणार. कोरोना आला तेव्हा अख्खं गाव घाबरलं होतं, हा मात्र मनातून खूश होता. लोकांना आता कळतंय, म्हणायचा. घरातल्या कुठल्याही वस्तूबद्दल त्याचा एकच शब्द असे, जंतू. फडक्यात जंतू, चपलेत जंतू, सासूबाईंच्या दह्याच्या विरजणात जंतू.

"जंतू आहेत म्हणून तर ते दही आहे," मी एकदा म्हणाले. मी विज्ञानाची शिक्षिका आहे. मेहकर रोडवरच्या एका खेड्यात आमची शाळा आहे, चिखलीहून रोज जीपने जाते. नववीला सूक्ष्मजीवांचा धडा असतो. मी फळ्याच्या मधोमध रेघ मारते, एका बाजूला उपयुक्त लिहिते आणि दुसऱ्या बाजूला उपद्रवी. मुलं घरून ताक आणतात, मी त्याचा थेंब काचेवर घेते, निळा रंग टाकते आणि शाळेतल्या एकुलत्या एका सूक्ष्मदर्शकाखाली ठेवते. मग साठ मुलं रांगेने एक डोळा मिटून त्या निळ्या काड्या बघतात. माझा आवडता तास होता तो. दह्याचा जिवाणू डाव्या बाजूला, क्षयाचा, पटकीचा उजव्या बाजूला. बुरशीपासून पेनिसिलिन निघालं ते पुन्हा डाव्या बाजूला. ती भांड्यावर चुकून आलेल्या बुरशीची गोष्ट मी दरवर्षी इतकी रंगवून सांगायची की मागच्या बाकावरचेही ऐकायचे.

नंतर मोठ्या वर्गात प्रजननाचा धडा येतो. तो आम्ही घरी वाचायला सांगतो. मीही तेच करायची, उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणू. एड्सच्या दिवशी मात्र मुलांची फेरी काढायची, लाल फीत लावायची, आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात ऐकलेलं वाक्य माझ्याही डोक्यात पक्कं बसलं होतं की निरोध वापरला म्हणजे माणूस सुरक्षित. त्या वाक्याच्या पुढे काही असेल असं मला कधी वाटलं नाही. मार्कांना येत नव्हतं.

लग्नानंतर सहा वर्षं मूल झालं नाही. त्याबद्दल फार लिहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. सातव्या वर्षी पाळी चुकली. आमच्या सासूबाई डोणगावकडच्या, विधवा, आमच्याच सोबत राहतात. त्यांना मी सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा दार लावून घेतलं.

"तीन महिने कोनाले सांगू नको," त्या म्हणाल्या. "शाळेत बी नाई, मायले बी नाई. सरकारी दवाखान्यात तं जाऊच नको, तिथं ओळखीच्या बाया असतात. नाव लिहून घेतात, मंग गावभर होते."

म्हणून मी नाव नोंदवलं नाही. शाळेच्या गावातली, गरोदर बायकांची नोंद ठेवणारी आशाताई दर मंगळवारी शाळेसमोरून जायची, माझ्याकडे बघून हसायची. तिला सगळं कळलं होतं असं मला अजून वाटतं. पण मी काही बोलले नाही. तीन महिने पोटातलं गुपित सांभाळण्यात मला इतका आनंद होता की मी मुलांवर ओरडायचीही विसरले होते.

चौथा लागला आणि माझ्या तळहातांवर चट्टे आले. तांबूस, खाज नसलेले. मग तळपायांवर आले. थोडा ताप यायचा, केस गळायचे. नवऱ्याने माझे दोन्ही हात खिडकीपाशी नेऊन नीट बघितले.

"खडूची ॲलर्जी," तो म्हणाला. "तो पांढरा भुगा किती घाण असतो. उद्यापासून हातमोजे घाल." आणि खरंच संध्याकाळी माझ्यासाठी पातळ हातमोजे आणि एक मलम घेऊन आला. मी हातमोजे घालून फळ्यावर लिहायला लागले, पोरी तोंडावर ओढणी धरून हसायच्या. चट्टे आपोआप गेले तेव्हा तो म्हणाला, बघ, मी म्हणत नव्हतो?

चौथ्या महिन्याच्या शेवटी आम्ही गावातल्याच एका ओळखीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्याकडे जाण्याचं कारण एवढंच की ते ओळखीचे होते. आमच्याकडे दवाखान्याची एक रीत आहे आणि ती इतकी अंगवळणी पडलीय की तिला कुणी रीत म्हणत नाही. बाई स्टुलावर बसते, नवरा खुर्चीत. डॉक्टर बाईला तपासतात आणि नवऱ्याशी बोलतात. फाईल नवऱ्याच्या हातात असते. गोळ्या कशा घ्यायच्या ते नवऱ्याला सांगतात, घरी आल्यावर नवरा बायकोला सांगतो. मी पगारी शिक्षिका. साठ मुलांना रोज सांगते की पुरावा बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका. आणि मी त्या स्टुलावर पदर सावरून गप बसले होते. माझ्या दंडातून रक्त काढलं, ती नळी मी पाहिली. त्यानंतर त्या रक्ताचं काय झालं हे मी विचारलं नाही. रिपोर्ट दोन दिवसांनी मिळणार होता, मी शाळेत होते, तो घेऊन आला.

"सगळं चांगलं आहे," तो म्हणाला. "लघवीत थोडं इन्फेक्शन दाखवलंय. पाच दिवस गोळ्या घ्यायच्या."

गोळ्या त्याने स्वतःच्या हाताने दिल्या. रोज एक, जेवणानंतर, पाण्याचा ग्लास घेऊन समोर उभा. आणि गोळ्यांबरोबर रोज दह्याचं पाकीट. घरच्या विरजणाला नाक मुरडणारा माणूस म्हणाला, "या गोळ्यांनी पोटातले चांगले जंतूही मरतात. दही खाल्लं की भरून निघतात. तूच शिकवतेस ना." मी हसले. मला वाटलं, किती बारीक लक्ष आहे या माणसाचं. शाळेत स्टाफरूममध्ये मी ही गोष्ट सांगितलीही होती, थोडी मिरवतच. बाकीच्या मॅडम म्हणाल्या, नशीब काढलंस.

त्याच सुमारास तो मला जवळ घेताना निरोध वापरायला लागला. पोटात मूल असताना कशाला, असं मी विचारलं. "बाळाला जंतू नको लागायला," तो म्हणाला. "काळजी घेतलेली बरी." मला त्याच्याबद्दल त्या वेळी जेवढी माया वाटली तेवढी त्याआधी कधी वाटली नव्हती. हे लिहायला मला आज लाज वाटते, पण खरं ते खरं.

सातव्या महिन्यात घरगुती डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, ओटी, शेजारच्या बायका. चार दिवसांनी मी वर्गात प्रश्नोत्तरं लिहून देत होते आणि मला एकदम जाणवलं की सकाळपासून आत काहीच हललेलं नाही. मी खुर्चीवर बसले. पाणी प्यायले, गूळ खाल्ला, डाव्या कुशीवर वाकले. मुलं गप झाली. जीपने चिखलीला आले, ओळखीच्या डॉक्टरांनी पोटावर यंत्र फिरवलं आणि माझ्याकडे न बघता नवऱ्याला बाहेर बोलावलं. मग आम्हाला बुलढाण्याला पाठवलं.

मुलगा होता. रंग गोरा नव्हता, काळाही नव्हता, त्याला रंगच नव्हता. पोट फुगलेलं, कातडी जागोजाग सुटलेली. मला दाखवायला नको म्हणत होते, मी बघितलं. आता वाटतं, बघितलं तेच बरं केलं. नाहीतर मी आजही खडूच्या ॲलर्जीवर विश्वास ठेवून बसले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या डॉक्टरीणबाई आल्या. वयाने माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी आमची फाईल चाळली, एक पान पुढे, एक पान मागे, पुन्हा पुढे. रक्तगट होता, हिमोग्लोबिन होतं, साखर होती. "एक तपासणी यात दिसत नाही," त्या म्हणाल्या, आणि माझं रक्त पुन्हा घेतलं. संध्याकाळी आल्या तेव्हा नवरा माझ्या उशाशी बसला होता. त्यांनी त्याला सांगितलं, "तुम्ही जरा बाहेर थांबा, मला यांच्याशी बोलायचंय." माझ्या आयुष्यात डॉक्टरांनी नवऱ्याला बाहेर काढून माझ्याशी बोलण्याची ती पहिली वेळ.

त्यांनी आडवळणं घेतली नाहीत. सिफिलिस, म्हणाल्या. मी मान हलवली. उजव्या बाजूच्या यादीत नसला तरी तो जिवाणू मला माहीत होता. बी.एस्सी.ला चित्र काढलं होतं, मळसूत्रासारखा पिळाचा. तो वार ओलांडून बाळापर्यंत जातो हेही कधीतरी पाठ केलं होतं. चट्टे आले होते का, त्यांनी विचारलं. मी तळहात पुढे केले, जणू ते अजून तिथे असतील.

"चौथ्या महिन्यात कळलं असतं तर?" मी विचारलं.

"इंजेक्शन असतं," म्हणाल्या. "तेव्हा दिलं असतं तर बहुतेक वेळा बाळ वाचतं. पेनिसिलिनचंच आहे, जुनं औषध."

डाव्या बाजूचं. भांड्यावर चुकून आलेली बुरशी. मी दरवर्षी रंगवून सांगते ती. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं की गोळ्यांनी नसतं का चाललं, आणि गोळ्यांचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, त्या गोळ्या बाळापर्यंत धड पोचत नाहीत, गरोदरपणात त्यांचा भरवसा नाही. कुणी दिल्या? मी म्हणाले, घरूनच.

मला त्यांनी कमरेत दोन्ही बाजूंना इंजेक्शन दिलं. तीन आठवडे, दर आठवड्याला. तीन दिवस नीट बसता यायचं नाही. शेवटच्या वेळी त्यांनी बजावलं की एक तपासणी यापुढे बहुतेक जन्मभर अशीच येईल, आजार गेला तरी रक्तात खूण राहते, घाबरू नका. मी घाबरले नाही. मला फक्त वाटलं, खूणही माझ्याच रक्तात आणि माझ्याच नावावर.

चिखलीला परत आल्यावर मी प्रयोगशाळेत गेले, जिथे पहिल्यांदा रक्त तपासलं होतं. एकटी गेले. काउंटरवरच्या मुलीला नाव आणि महिना सांगितला, रिपोर्ट हरवलाय म्हणाले. तिने संगणकात शोधलं आणि दोन मिनिटांत कागद काढून माझ्या हातात दिला. इतकं सोपं होतं. आधीही असंच मागितलं असतं तर इतक्याच सोपेपणाने मिळाला असता. फाईलमध्ये नसलेलं पान. वर माझं नाव, माझं वय, खाली त्या तपासणीचं नाव आणि तिच्यापुढे ठळक अक्षरात पॉझिटिव्ह. मी तिथेच बाकावर बसून तो कागद वाचला, जसं कुणाचं आलेलं पत्र वाचतात तसा, पुन्हा पुन्हा.

रविवार होता. घरी आले तेव्हा नवरा बेसिनपाशी साबण लावून हात धूत होता, कोपरापर्यंत. मी कागद आरशाला टेकवून ठेवला. त्याने नळ बंद केला. पुसायला फडकं घेतलं, मग दुसरं घेतलं.

मग त्याने सांगितलं. मला वाटलं होतं खोटं बोलेल, पण नाही बोलला. बहुतेक सांगायला मिळतंय म्हणून त्याला हायसंच वाटलं. दौऱ्यावर असताना, लॉजवर. पाच-सहा वेळा. "पण मी प्रत्येक वेळी वापरला," तो म्हणाला, आणि हे म्हणताना त्याचा आवाज चक्क चढला. "प्रत्येक वेळी. मी काय बेजबाबदार आहे? मी काळजी घेतली होती."

त्याला खरंच वाटत होतं की त्याच्यावर अन्याय झालाय. त्याने नियम पाळला होता आणि नियमाने त्याला फसवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी मला जे समजावलं होतं ते मी त्याला समजावलं, वर्गात समजावते तसं. निरोध झाकतो तेवढंच झाकतो. बाकीची कातडी उघडीच असते, ओठ उघडे असतात, आणि या जिवाणूची जखम कुठेही असू शकते. दुखत नाही, म्हणून ज्याला आहे त्यालाही कळत नाही. निरोधाने धोका कमी होतो, संपत नाही. वापरायलाच हवा, पण वापरला म्हणजे हात वर करता येत नाहीत. तो लक्ष देऊन ऐकत होता. हुशार विद्यार्थी होता.

"आणि रिपोर्ट आला तेव्हा?" मी विचारलं.

डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. दोघांनी इंजेक्शन घ्या, बायकोला उद्याच घेऊन या, लगेच. त्याने स्वतः घेतलं. त्याच दिवशी. मला उद्या नेणार होता. पण माझ्यासारखीला इंजेक्शन द्यायचं म्हणजे कशाचं ते सांगावं लागणार, बाटलीवरचं नाव मी वाचणार. म्हणून तो दुसऱ्या गावातल्या औषधाच्या दुकानात गेला, कुणा मित्राची अडचण म्हणून विचारलं, आणि गोळ्या आणल्या. डॉक्टरांना म्हणाला, बुलढाण्याला दिलं इंजेक्शन. डॉक्टर म्हणाले, छान. मला विचारायचं त्यांना सुचलं नाही, मी तर समोरच्या स्टुलावरच बसलेली असायची दर महिन्याला.

"तुला टेन्शन नको म्हणून," तो म्हणाला. "अशा दिवसांत बाईला टेन्शन देऊ नये. मी माझ्या परीने काळजी घेतच होतो. गोळ्या दिल्या, दही दिलं, निरोध वापरला."

मी त्याच्या तोंडात मारली नाही. मारायला हवी होती असं मला अधूनमधून वाटतं, बहुतेक जीपमध्ये, सकाळी. ती बाई कोण होती हे मी विचारलं नाही. तिच्यावर माझा राग नाही. तिलाही कुणीतरी दिलं असेल, आणि तिचा कागद कुणाच्या खिशात पडला असेल कोण जाणे. राग माझा त्याच्यावर आहे, आणि त्या स्टुलावर, आणि त्या स्टुलावर बसलेल्या बाईवर.

मी घर सोडलं नाही. का, ते विचारू नका, मलाच धड माहीत नाही. वेगळ्या खोलीत झोपते. दुसऱ्या वर्षी नववीला तो धडा आला तेव्हा मी फळ्यावर रेघ मारली आणि उजव्या बाजूला पुस्तकात नसलेलं एक नाव लिहिलं. ते कसं पसरतं, निरोध काय करतो आणि काय करत नाही, हे सरळ शब्दांत सांगितलं. मुख्याध्यापकांकडे दोन पालकांची तक्रार गेली. मुख्याध्यापक म्हणाले, मॅडम, तुम्हाला अभ्यासक्रमाबाहेर जायची काय गरज? मी म्हणाले, गरज होती.

सासूबाईंना आम्ही काही सांगितलं नव्हतं. त्यांच्या लेखी माझं मूल जीपच्या धक्क्यांनी गेलं. नोकरीच्या पायी. असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या, माझ्यासमोर, माझ्यावर माया करतच सांगायच्या. "हिच्यात दम नाई व, नाजूक हाये," म्हणायच्या. नवरा तिथेच बसलेला असायचा, जेवत. एकदाही त्याने मान वर केली नाही. मीही गप राहायची. त्या म्हाताऱ्या बाईला मुलाबद्दल असलं काही सांगून काय मिळणार, असं मला वाटायचं. नंतर नंतर मात्र त्यांचं ते 'दम नाई' ऐकलं की माझ्या कानशिलात ठणका लागायचा.

यंदा चैत्रात कुरडया करायच्या होत्या. गहू तीन दिवस पाण्यात ठेवला होता, आंबट वास जिन्यापर्यंत येत होता. चौथ्या दिवशी सासूबाईंनी तो भरडून, पिळून चीक काढला, म्हणजे गव्हाचं घट्ट दूध. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर चूल मांडून तो शिजवायला घेतला. शेजारच्या दोघी सोऱ्या घेऊन आल्या. माझी पाळी आली होती, म्हणून मला चार हात लांब बसवलं होतं, हातात काठी देऊन, कावळे हाकायला. तीन दिवस लाखो जिवाणूंनी त्या गव्हात मनसोक्त धिंगाणा घातला, तो चालतो. माझ्या सावलीने मात्र चीक नासतो. मी सतरा वर्षं सूक्ष्मजीव शिकवतेय आणि काठी धरून बसलेय.

"औंदा तरी गोड बातमी येऊ द्या," शेजारीण म्हणाली.

"देव देईन तवा," सासूबाई म्हणाल्या. "हिच्यात दम नाई. पह्यलंबी तसंच गेलं."

शेजारणी अकराला खाली गेल्या. ऊन चढलं होतं. सासूबाई उरलेला चीक घोटत होत्या आणि मी काठी खाली ठेवून बोलायला लागले. कसं बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. मी म्हणाले, आई, माझ्यात दम होता. जीपने नाही गेलं ते. तुमच्या मुलाला बाहेरच्या बाईकडून रोग लागला, त्याच्याकडून मला लागला, माझ्याकडून बाळाला. डॉक्टरांनी त्याला चौथ्या महिन्यात सांगितलं होतं. त्याने स्वतः सुई टोचून घेतली. मला नेलं नाही.

त्यांचा हात थांबला नाही. चीक घोटायचा थांबला की गुठळ्या होतात. बराच वेळ त्या पळी फिरवत राहिल्या.

"हातापायाले चट्टे आले होते तुह्या," त्या म्हणाल्या. "ते त्याचेच काय?"

"हो."

"खाजत नव्हते."

"नाही."

"माह्या बी आले होते," सासूबाई म्हणाल्या. "दोनदा पोट गेलं माह्यं, तुह्या नवऱ्याच्या आंधी. एक सातव्यात. एक पुऱ्या दिवसाचं, ते रडलंच नाई. माह्यी सासू म्हने, हिच्यातच दोष हाये."

नऊ वर्षांत हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. सासरे मी पाहिलेले नाहीत, माझ्या लग्नाआधीच गेले. ट्रक चालवायचे, कापसाच्या गठाणी घेऊन गुजरातपर्यंत जायचे, दारू प्यायचे आणि दारू प्यायले की मारायचे. हे नवऱ्यानेच मला सांगितलं होतं, मी बापासारखा नाही असं म्हणून.

"मंग त्यानं मले अकोल्याले नेलं," सासूबाई म्हणाल्या. "त्याच्याच ट्रकमंदी बसवून. तीन सुया देल्या, आठ-आठ दिवसानं. त्याले बी देल्या. कायच्या हायेत म्या इचारलं नाई, त्यानं सांगतलं नाई. दवाखान्याच्या पायरीवर बसून राह्यला, खाली मुंडी घालून. लय वाईट मानूस होता. पन नेलं त्यानं." पळी भांड्याच्या काठावर आपटून त्यांनी चीक झटकला. "मंग हा झाला."

जिन्यात पावलं वाजली. नवरा वर आला, रविवारचा, आंघोळ करून, हात धुऊन. हातात वाटी आणि चमचा होता. गरम चीक साखर घालून खायला त्याला लहानपणापासून आवडतो.

"आई, चीक दे ना," तो म्हणाला आणि वाटी पुढे धरली.

सासूबाईंनी पळी भांड्यातच ठेवली. त्याच्याकडे वर बघितलं. डोळ्यांत पाणी नव्हतं, चुलीच्या धुराने लाल झाले होते तेवढेच.

"तुह्या बापानं मले दवाखान्यात नेलं, म्हनून तू पैदा झाला," त्या म्हणाल्या. "तुनं हिले काऊन नाई नेलं?"

तो वाटी धरून उभा राहिला. त्याने आईकडे बघितलं, मग चुलीकडे, मग माझ्याकडे, आणि माझ्याकडेच बघत राहिला, नेहमी काही अडलं की बघतो तसा.

"माझ्याकडे बघू नका," मी म्हणाले. "त्या तुम्हाला विचारताहेत."